बिल्ला नंतर काढा, आधी गॅलरीला विचारा : बेळगावच्या उद्योजकांना आणि फुटबॉल चालकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

बेळगावचा स्वतःचा व्यावसायिक फुटबॉल संघ हवा, हे बोलणं अलीकडे वारंवार कानावर येतं. उद्यमबागेतले फाउंड्रीवाले कामगारांच्या स्पर्धेचे टीशर्ट छापायला माझ्या दुकानात येतात तेव्हा बोलतात, शालेय स्पर्धांच्या बक्षीस समारंभात पाहुणे बोलतात, कॅम्पातले जुने खेळाडू तर कधीपासून बोलतात. शहरात पैसा आहे, खेळणारी पोरं आहेत, बघणारी माणसं आहेत, मग संघ का नाही, असा सगळ्यांचा सूर असतो. माझंही म्हणणं तेच. पण हे बोलणं जरा पुढं सरकलं की थेट लोगोवर जातं. मुंबईच्या नाहीतर बेंगळुरूच्या एजन्सीकडून बिल्ला करून घेऊ, नाव जोरदार ठेवू, त्यात एखादा वाघ नाहीतर सिंह टाकू, सिनेमातला एखादा चेहरा आणू, की झाला ब्रँड. हे ऐकलं की मला काळजी वाटते. संघ निघायच्या आधीच त्याची ओळख बाहेरून मागवायची तयारी चालू झालेली दिसते. म्हणून हे पत्र.

मी शहापुरात खेळाच्या जर्सी छापतो. गल्लीच्या मंडळांचे संघ, कॉलेजचे संघ, कारखान्यांचे संघ, सगळे येतात. फुटबॉलवाली पोरं मोबाईलवर बार्सिलोनाचा नाहीतर रियल माद्रिदचा बिल्ला दाखवतात आणि म्हणतात, यातलं नाव काढून आमच्या गल्लीचं घाला. बिल्ल्याबद्दल त्यांचा फारसा आग्रह नसतो. ढाल गोल केली, वरचा मुकुट काढला, तरी चालतं. रंगाचं मात्र तसं नाही. एकदा अनगोळचा एक पोरगा थोरल्या भावाची जुनी जर्सी घेऊन आला. धुऊन धुऊन तिचा रंग पार उडालेला. त्याला नव्या संघासाठी तोच रंग हवा होता, पण उडालेला नको, मूळचा हवा. मी शेड कार्ड पुढं केलं, एकही शेड त्याला पटेना. शेवटी त्यानं कॉलर उलटी केली, शिवणीची दुमड नखानं उसवली आणि आत जिथं ऊन पोचलं नव्हतं तिथला बोटभर मरून रंग दाखवून म्हणाला, "काका, ह्यो बघा आमचा." त्या बोटभर कापडावरून मी रंग जुळवला. हीट प्रेसमधून पहिला तुकडा निघाला तो त्यानं दारात उजेडाला नेला, जुन्या शिवणीशी लावून बघितला आणि मगच पुढचे छापायला सांगितले.

त्या संघाला प्रायोजक नाही, प्रशिक्षक नाही, सरावाला धड मैदान नाही. पण तुम्ही ज्याला ब्रँड म्हणता आणि ज्यासाठी एजन्सीला लाखो रुपये मोजायला तयार आहात, ते त्या पोराकडे आधीच आहे. आमच्या शहरात अशी शेकडो पोरं आहेत. तुमच्या संघानं त्यांच्यापाशी जायचं, की त्यांना आपल्यापाशी बोलवायचं, एवढाच खरा प्रश्न आहे.

कोल्हापूर आपल्याला परकं नाही. आपल्या सोयरिकी तिकडच्या, अंबाबाईला जायचं तिकडं, आणि फुटबॉलचा मोसम असला की आमची पोरं मोटारसायकली काढून सामना बघायलाही तिकडंच जातात. राजर्षी शाहू स्टेडियमवर जे चालतं ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमींनी आणि पेठांच्या मंडळांनी हे संघ उभे केले. आजोबा ज्या तालमीत घुमले तिच्या संघाकडून नातू खेळतो, आणि ज्याला खेळता येत नाही तो गॅलरीत बसून त्याच संघासाठी घसा फोडतो. पेठेतला दुकानदार वर्गणी देतो, घरातल्या बाया सामन्याचा निकाल विचारतात, आणि दुसऱ्या दिवशी भाजी मंडईत हरलेल्या पेठेचा माणूस मान खाली घालून चालतो. या संघांनी पैसे देऊन आफ्रिकेतले खेळाडू आणले तेव्हा तेही बघता बघता पेठेचे झाले, लोक त्यांना नावानं हाका मारू लागले. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. कोल्हापूरकर याला ईर्षा म्हणतात. ती ईर्षा कुठल्या कंपनीनं निर्माण केलेली नाही आणि कुठल्या कंपनीला ती विकत घेता येणार नाही.

या ईर्षेची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. गॅलरीतून दगड येतात, सामने अर्धवट थांबतात, पोलीस लाठ्या घेऊन मैदानात उतरतात. आपल्यासारख्या शहरात, जिथं भाषेवरून आणि धर्मावरून वातावरण तापायला वेळ लागत नाही, तिथं हा धोका दुप्पट आहे. त्यावर पुढं लिहितो. पण एवढी धग असूनही कोल्हापूरचा पुरुषांचा एकही संघ देशाच्या वरच्या व्यावसायिक लीगमध्ये उभा राहू शकला नाही, याचंही मला वाईट वाटतं. पेठेजवळ माणसं आहेत, पण मुलांच्या संघांपासून पगारी खेळाडूंपर्यंत पूर्ण व्यवस्था चालवायला लागतो तो पैसा आणि कारभार पेठेला एकटीला झेपत नाही.

पुण्यात नेमकं उलटं झालं. तिथं पैसा आला, कारभारही आला. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहानं पुणे एफसी काढला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या अव्वल लीगमध्ये, तो दुसरा आला. डीएसके शिवाजीयन्स होता. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर एफसी पुणे सिटी आला; हृतिक रोशन सहमालक, इटलीचा फिओरेंटिना क्लब भागीदार. आज यातला एकही संघ नाही. २०१९ मध्ये पुणे सिटी बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला गेली. हैदराबादनं २०२१-२२ मध्ये ती लीग जिंकली सुद्धा, तरी २०२५ मध्ये तो संघ उचलून दिल्लीला नेला आणि त्याचं नाव बदललं. त्याआधी दिल्लीचा डायनामोज २०१९ मध्ये असाच भुवनेश्वरला गेला होता. पुण्यात पोटतिडकीनं बालेवाडीला जाणारे चाहते होते, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते थोडे होते, स्टेडियम पेठांपासून लांब शहराच्या कडेला होतं, आणि संघ राहणार की जाणार हे ठरवताना त्यांचं मत कुणी विचारलं नाही. तोटा सगळ्याच संघांना होतो. तोट्याच्या वर्षी कोण रडतं आणि कोण रस्त्यावर उतरतं, यावर संघ टिकतो.

रस्त्यावर उतरणं म्हणजे काय ते कोलकात्यानं दाखवलं. मोहन बागान १८८९ चा क्लब. २९ जुलै १९११ ला त्यांच्या खेळाडूंनी, बहुतेक अनवाणी, ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली. अशा क्लबला २०२० मध्ये सुपर लीगमध्ये यायचं होतं, म्हणून एटीके या फ्रँचायझीशी विलीनीकरण झालं आणि नाव झालं एटीके मोहन बागान. हिरवा-मरून रंग राहिला, बिल्ल्यावरचं शिडाचं गलबत राहिलं, पैसा आला, चांगले खेळाडू आले. तरीही चाहत्यांना नावापुढची ती तीन अक्षरं सहन झाली नाहीत. त्यांनी बॅनर लावले, मोर्चे काढले, संघ जिंकत असतानाही काढले. अखेर मार्च २०२३ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला संघानं बेंगळुरूला हरवून लीग जिंकली आणि त्याच रात्री मालकांनी ती तीन अक्षरं काढत असल्याचं जाहीर केलं. एक मोठा उद्योगसमूह आपलं नाव मागं घेतो, हे कुठल्या जाहिरात मोहिमेमुळं घडलं नाही.

जिंकलं की लोक सगळं विसरतात, असं तुमच्यातले काही जण म्हणतील. वेल्समधल्या कार्डिफचं उदाहरण बघा. तिथल्या संघाची जर्सी पिढ्यानपिढ्या निळी. २०१२ मध्ये मालकानं ती लाल केली, बिल्ल्यावरच्या निळ्या पक्ष्याला बाजूला सारून मोठा ड्रॅगन आणला. पुढच्याच वर्षी, त्या लाल जर्सीत, संघ दुसऱ्या श्रेणीत पहिला आला आणि प्रीमियर लीगमध्ये गेला. जिंकण्यानं मन वळायचं असतं तर तिथं वळलं असतं. चाहते मात्र निळे मफलर घालूनच येत राहिले, आणि जानेवारी २०१५ मध्ये मालकाला जर्सी परत निळी करावी लागली. अनगोळच्या त्या पोराला कार्डिफ कुठं आहे हे माहीत नसेल, पण तिथले लोक कशासाठी भांडले हे त्याला एका वाक्यात कळेल.

कंपनीनं काढलेला संघ लोकांचा होतच नाही, असं मात्र मला म्हणायचं नाही. आपल्याच राज्यात बेंगळुरू एफसी आहे. २०१३ मध्ये जेएसडब्ल्यूनं काढला, पहिल्याच मोसमात आय-लीग जिंकला, २०१८-१९ मध्ये सुपर लीगही जिंकला. सुनील छेत्रीमुळे आमच्याकडची पोरंही ती निळी जर्सी घालतात, मीच त्यांच्या पाठीवर ११ नंबर छापून देतो. पण त्या क्लबला चेहरा दिला तो वेस्ट ब्लॉक ब्लूज नावाच्या चाहत्यांनी. सुरुवातीच्या दिवसांत बेंगळुरूच्या छोट्या फुटबॉल स्टेडियमच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत ते उभे राहायचे, त्यावरून ते नाव पडलं. संघ कांतीरवा स्टेडियमला गेला तरी नाव तेच राहिलं. गाणी त्यांची, ढोल त्यांचे, मोठाले बॅनर त्यांनी रात्री जागून रंगवलेले. सामना संपला की संघ त्या गॅलरीसमोर येऊन टाळ्या वाजवतो. मालकानं गॅलरीला मोकळं सोडलं आणि गॅलरीनं मालकाला ब्रँड मिळवून दिला. असा व्यवहार तुम्हालाही करता येईल.

फक्त बेळगाव म्हणजे बेंगळुरू नव्हे, आणि इथं मला थोडं सविस्तर लिहायला हवं.

मी मराठी माणूस आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून माझ्या घरात सीमाप्रश्न जेवणाच्या ताटावर बोलला जातो. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ मध्ये शहराचं सरकारी नाव बदललं. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा राज्याचा कायदा आहे आणि माझ्या दुकानाची पाटी तशीच आहे. माझं मत ठाम आहे आणि ते मी कुणापासून लपवलेलं नाही. पण ज्या मैदानावर मी आयुष्यभर फुटबॉल बघत आलो, तिथं फक्त माझी माणसं नसतात. पावसात लेले मैदानाच्या कडेला छत्री घेऊन उभं राहा. लाल चिखलात बॉल अडकतो, आणि एकाच क्षणी एका बाजूनं "मार की!", दुसऱ्या बाजूनं कन्नडमधलं "होडी, होडी!" (मार, मार!) आणि गोलपोस्टमागून "अरे मार ना भाई!" असा ओरडा उठतो. कोकणी बोलणारी कॅम्पातली पोरं, दख्खनी उर्दू बोलणारी पोरं, वडगावच्या मागवाल्यांची मराठी-कन्नड मिसळून बोलणारी पोरं. खरं सांगायचं तर या शहरात फुटबॉल जगवला तो पलटणीनं, मिशनच्या शाळांनी आणि कॅम्पातल्या गल्ल्यांनी. आम्ही तालीमवाले आणि क्रिकेटवाले नंतर आलो. त्यामुळं बेळगावच्या संघाची ओळख एका भाषेच्या नावावर करून टाकली, मराठीच्या किंवा कन्नडच्या, तर पहिल्याच मोसमात अर्धी गॅलरी रिकामी राहील आणि उरलेल्या अर्ध्या गॅलरीत पोलीस बसतील.

यावर एक सोपी पळवाट काढली जाईल, ती मला दिसते आहे. भाषेची भानगड नको म्हणून सगळं इंग्रजीत करायचं: नाव इंग्रजी, घोषणा इंग्रजी, स्पीकरवरची गाणी पंजाबी. कुणी नाराज नाही. पण मग कुणाचं काही लागतही नाही त्या संघाला. तो संघ हुबळीला नेला काय आणि हैदराबादला नेला काय, गल्लीत कुणाचा दिवा विझणार नाही. भाषा बाहेर ठेवू नका, सगळ्या आत घ्या. मराठीत गाणी होऊ द्या, आमच्या शिवजयंतीच्या चित्ररथांपुढं जे ढोल-ताशे वाजतात ते गॅलरीत येऊ द्या. कन्नडमध्ये घोषणा होऊ द्या, उर्दूत शेर होऊ द्या, कॅम्पातल्या बँडवाल्यांना कोपरा द्या. जर्सीच्या बिल्ल्यावर अक्षरं घालायची असतील तर मराठी आणि कन्नड दोन्ही घाला, एकाच आकारात, एका ओळीत. ते जमत नसेल तर अक्षरं घालूच नका, नुसतं चित्र ठेवा. स्पीकरवरून खेळाडूंची नावं सांगणारा माणूस दोन्ही भाषा सफाईनं बोलणारा घ्या. असे लोक आपल्या शहरात पैशाला पासरी आहेत.

झेंड्यांबद्दल मात्र माझं मत कडक आहे. कन्नडिगांचा लाल-पिवळा झेंडा आणि आमचा भगवा झेंडा, दोन्हींना त्यांचे दिवस आहेत, त्यांच्या जागा आहेत. महापालिकेसमोरच्या झेंड्यावरून काय झालं ते सगळ्यांना आठवतं. गॅलरीत फक्त संघाच्या रंगाचा झेंडा असावा, आणि हा नियम पोलिसांनी लादण्याआधी चाहत्यांच्या मंडळानं स्वतः करावा. मी माझा भगवा घरी ठेवून येईन. शेजारच्यानंही त्याचा घरी ठेवून यावा.

भाषेच्या प्रदेशात फुटबॉल संघ कसा उभा राहतो हे बघायचं असेल तर बिल्बाओकडं बघा. स्पेनच्या उत्तरेला बास्क लोकांचा प्रदेश, त्यांची भाषा स्पॅनिशशी काही नातं नसलेली. तिथला ॲथलेटिक क्लब १८९८ चा. शंभराहून अधिक वर्षं ते फक्त बास्क मातीतले, तिथं जन्मलेले किंवा तिथं घडलेले खेळाडू खेळवतात. एवढं बंधन घालून घेऊनही १९२९ मध्ये स्पेनची लीग सुरू झाल्यापासून ते एकदाही खालच्या श्रेणीत गेलेले नाहीत. असे तीनच क्लब आहेत, बाकीचे दोन रियल माद्रिद आणि बार्सिलोना. २०२४ मध्ये चाळीस वर्षांनी त्यांनी राजाचा चषक जिंकला तेव्हा खेळाडूंना जुन्या मालवाहू होडीत बसवून नदीतून फिरवलं आणि दोन्ही काठ माणसांनी भरून गेले. त्यांच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत बास्क झेंड्यावर बंदी होती. ५ डिसेंबर १९७६ ला, बंदी अजून उठलेली नसताना, ॲथलेटिकचा कर्णधार इरिबार आणि त्यांचा कट्टर प्रतिस्पर्धी रियल सोसिएदादचा कर्णधार कोर्ताबारिया यांनी तो झेंडा मिळून मैदानात आणला. नव्वद मिनिटं एकमेकांना तुडवणारे दोन संघ, पण तो झेंडा त्यांनी दोन टोकांनी एकत्र धरला.

बिल्बाओची नक्कल करा असं मी म्हणत नाही. फक्त आपल्याच रक्ताचे खेळाडू घ्यायचे हा नियम आपल्याकडं लगेच कोण आपला आणि कोण परका या भांडणात जाईल, आणि ते भांडण कुठं थांबतं हे आपल्याला ठाऊक आहे. पण इथं घडलेला खेळाडू हा निकष घेता येईल. जन्म कुठला, आडनाव काय, घरात काय बोलतात, हे न विचारता खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, बेळगाव इथल्या मैदानांवर जो मुलगा वाढला तो आपला. अकरांत अशा निदान पाच जणांना जागा मिळेल असा तुमचा इरादा असेल तर तो आधीच जाहीर करा. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या एखाद्या गावचा पोरगा या संघाकडून उतरला की त्या गावातून किती मोटारसायकली शहराकडं निघतील याचा हिशेब कुठल्याही जाहिरातीपेक्षा चांगला लागेल.

नावाबद्दल दोन शब्द. तुमच्या कंपनीचं नाव छातीवर घ्या, बाहीवर घ्या, मैदानाच्या कडेच्या फलकांवर घ्या. मी स्वतः ते नीट छापून देईन. संघाच्या नावात मात्र ते नको. फगवाड्याचा जेसीटी हा पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, मुंबईचा महिंद्र युनायटेडही राष्ट्रीय लीग जिंकलेला. दोन्ही कंपन्यांनी ठरवलं आणि २०११ च्या सुमारास दोन्ही संघ बंद झाले. कंपनीचा संघ कंपनीच्या बैठकीत संपतो. नाव शहराचं असेल तर निदान शहराला विचारावं लागतं.

आणि हे विचारणं तोंडी नको, कागदावर हवं. जर्मनीत क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून जास्त सभासदांच्या हाती राहावीत असा नियम आहे. इंग्लंडनं २०२५ मध्ये कायदाच केला. आता तिथं क्लबला बिल्ला किंवा घरच्या जर्सीचे मुख्य रंग बदलायचे तर बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागतो. आपल्याकडं असा कायदा नाही, पण तुम्हाला तुमच्या संघाच्या घटनेत असं कलम घालायला कुणी अडवलेलं नाही. नाव, रंग, बिल्ला आणि शहर, या चार गोष्टी वार्षिक वर्गणी भरणाऱ्या चाहत्यांच्या मतदानाशिवाय बदलणार नाहीत, असं लिहून द्या. संचालक मंडळात चाहत्यांनी निवडून दिलेला एक माणूस घ्या, त्याला हिशेब बघू द्या. वर्गणी एवढीच ठेवा की मागावर बसणारा किंवा फाउंड्रीत काम करणारा माणूस पगारातून भरू शकेल. आणि मुलींचा संघ पहिल्या दिवसापासून काढा. माझ्याकडं मुलींच्या संघांचे सेट आता नियमानं येतात, आणि रंगाच्या बाबतीत त्या मुलांपेक्षा काटेकोर आहेत.

मैदान शहरात हवं. हायवेच्या कडेला स्वस्तात जागा मिळते म्हणून दहा किलोमीटर लांब स्टेडियम बांधाल तर बालेवाडीचा अनुभव इथं परत येईल. गल्लीतून चालत किंवा सायकलवर येता आलं पाहिजे. पोरं घोळक्यानं ओरडत मैदानाकडं निघतात तिथूनच सामना सुरू होतो, आणि रस्त्यावरचे बघे पुढच्या वेळी त्या घोळक्यात सामील होतात.

राज्य फुटबॉल संघटनेलाही एक विनंती. राज्याची अव्वल लीग बेंगळुरूत खेळली जाते आणि देशाच्या लीगकडं जाणारा रस्ता तिथूनच सुरू होतो. आम्ही त्या शहरापासून पाचशे किलोमीटरवर आहोत. पणजी आणि कोल्हापूर आम्हाला त्याच्या पाव अंतरावर आहेत. बेळगावच्या संघानं अख्खा मोसम बेंगळुरूच्या मैदानांवर खेळायचा ठरला तर त्याची गॅलरी कधी जन्मालाच येणार नाही. निदान निम्मे सामने इथं होऊ द्या. उत्तर कर्नाटकातून चार-पाच संघ आले तर त्यांची एक स्वतंत्र फेरी इकडं खेळवा आणि त्यातला विजेता पुढं पाठवा. कर्नाटकानं मार्च २०२३ मध्ये तब्बल ५४ वर्षांनी राज्यांच्या संघांचा संतोष करंडक जिंकला, रियाधला मेघालयाला ३-२ हरवून. त्या विजयाचा आनंद आमच्याकडंही झाला. पुढच्या वेळी त्या संघात आमची पोरं दिसावीत, असं वाटत असेल तर खेळ त्यांच्यापर्यंत येऊ द्या.

उद्योजकांना शेवटची एक गोष्ट मागतो. एजन्सीला फोन करण्याआधी एक मोसम थांबा. येत्या पावसाळ्यात गल्ल्यांच्या, शाळांच्या, कॅम्पातल्या संघांच्या स्पर्धांना या, मंडपात खुर्चीवर न बसता कडेला उभे राहा. त्यानंतर शहापूर, वडगाव, अनगोळ, कॅम्प, कणबर्गी, टिळकवाडी, जिथं जिथं संघ आहेत तिथल्या पोरांना एका सभागृहात बोलवा आणि नाव, रंग, मैदान हे तीन विषय त्यांच्यापुढं ठेवा. गोंधळ होईल, आवाज चढतील, एकदा नव्हे तर तीन-चार वेळा बैठक घ्यावी लागेल. रंग ठरला की मला कळवा. पहिला सेट मी माझ्या खर्चानं छापून देतो, आणि तो छापण्याआधी नमुन्याचं कापड त्या सगळ्या पोरांना दाखवून त्यांची संमती घेतो.

आपला,
जर्सी छापणारा एक फुटबॉलवेडा
शहापूर, बेळगाव